डावा वाघजाईचा, उजवा नागझरीचा

केरबा नलवडेचा डावा पाय वाघजाई तालमीचा होता आणि उजवा नागझरी तालमीचा. दोन्ही पाय आपापल्या तालमीकडून लहानपणापासून फुटबॉल खेळत आले होते आणि दोघांबद्दलही कुणाची तक्रार नव्हती.

कोल्हापुरात फुटबॉल पेठेपेठेतल्या तालमी खेळतात, आणि कोणता पाय कोणत्या तालमीचा हे बारशाला ठरतं. मुलाचे तळवे गुलालाच्या पाण्यात बुडवायचे, तालमीच्या निशाणावर टेकवायचे आणि मग त्याला पाळण्यात घालायचं. ज्या निशाणाला पाय लागला त्या तालमीचा तो पाय. केरबाचे वडील वाघजाईचे आणि आई मालन नागझरीची लेक. बारशाच्या दिवशी वाघजाईवाले निशाण घेऊन आले, तसा मालनचा भाऊही आपल्या तालमीचं निशाण खांद्यावर टाकून आला. पानं वाढलेली, मटणाचा रस्सा निवत चाललेला आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या गळपट्टीला भिडलेली. तेव्हा आत्याने शहाणपणा केला. दोन्ही निशाणं शेजारी शेजारी अंथरली, पोराला काखेत धरलं आणि अलगद खाली टेकवलं. एक पाय इकडे, एक तिकडे. सगळ्यांना बरं वाटलं. माणसं जेवली, पान खाऊन घरी गेली. पाय मात्र कायमचे ठरून गेले.

वाघजाईचा सामना असला की केरबा डाव्या पायात बूट घालायचा आणि उजव्यात चप्पल. चप्पल कोल्हापुरीच, तेल पाजून मऊ केलेली. उजवा पाय त्या दिवशी प्रेक्षक असायचा. चेंडू चपलेला लागला तर तो प्रेक्षकाला लागला असं धरून पंच शिट्टी वाजवायचे. नागझरीचा सामना असला की बूट आणि चपलेची अदलाबदल व्हायची. डोक्याने गोल झाला तर उडी कोणत्या पायावरून घेतली ते बघून गोल धरायचा की नाही हे ठरायचं, कारण डोकं कोणत्याच निशाणाला लागलेलं नव्हतं. इतकं असूनही केरबासारखा खेळाडू शहरात दुसरा नव्हता. वाघजाईवाले म्हणत, डाव्यात जादू आहे, उजवा आपला ओढत नेलेला. नागझरीवाले हेच उलटं म्हणत. केरबा दोघांनाही मान हलवून हो म्हणायचा.

वाघजाई आणि नागझरी एकमेकांसमोर आल्या तर काय, हा प्रश्न कधी उभा राहिला नव्हता. मैदान समितीचे सचिव दत्ताजीराव इंगवले सामन्यांच्या चिठ्ठ्या स्वतः काढायचे आणि काढताना डोळे मिटायचे नाहीत. त्या वर्षी मात्र दोन्ही तालमी आपापल्या बाजूने जिंकत जिंकत अंतिम फेरीत आल्या. त्याला चिठ्ठीचा इलाज नव्हता. त्यात राज्य संघाचे निवडकर्ते उपांत्य सामना बघून गेले आणि त्यांनी निरोप धाडला. पोरगा आम्हांला हवा आहे. पण राज्याच्या संघात अर्धा माणूस घेता येत नाही. अंतिम सामना संपेपर्यंत त्याची एक तालीम ठरवून कळवा, नाहीतर आम्ही दुसरा बघतो.

याच आठवड्यात मैथिली सरनोबत बेलफास्टहून परत आली.

मैथिली तिथे खेळाचा कायदा शिकायला गेली होती. तिचा प्रबंध ब्रिटिश आणि आयरिश अशी दोन्ही नागरिकत्वं असलेल्या फुटबॉलपटूंवर होता. उत्तर आयर्लंडात जन्मलेल्या पोराने कोणत्या देशाकडून खेळायचं, यावर तिने इतकं वाचलं होतं की त्या देशातली पोरंसुद्धा तिला बघून रस्ता बदलायची. फुटबॉलला तिने आयुष्यात पाय लावला नव्हता. पण माणसाला आपला देश निवडता आला पाहिजे, या वाक्याने तिच्या अंगावर काटा यायचा, आणि हा काटा आपल्या गावाच्या कामी यावा म्हणून तिने तिथली चांगली नोकरी नाकारली होती. नाकारली हे ती स्वतः सांगायची नाही. कुणी विचारावं म्हणून थांबायची.

केरबाची हकीकत तिने मिसळीच्या दुकानात ऐकली आणि तिच्या हातातला पाव तसाच राहिला. जन्मभर कागदावर शोधलेली केस इथे रोज सकाळी दुधाची किटली घेऊन फिरत होती. तिने तिथल्या तिथे बाकावर बसलेल्यांना आयर्लंड समजावून सांगायला घेतलं. तिकडे एकाच गल्लीतली दोन पोरं असतात. एक डब्लिनच्या संघाकडून खेळतो, एक बेलफास्टच्या. दोघांनाही दोन्ही पासपोर्ट मिळू शकतात. कुणाकडून खेळायचं हे ज्याचं तो ठरवतो.

"म्हंजे दोन्ही पाय एकाच देशाकडं?" बाकावरच्या एकाने विचारलं.

मैथिली हो म्हणाली.

"मग दुसऱ्या देशाच्या पायाचं काय करत्यात?"

दुसऱ्या देशाचा असा पाय नसतो, माणूस अखंड असतो, असं तिने सांगितलं. मग तो माणूस हळहळत म्हणाला, "लांबच्या देशात कायबी सोसावं लागतंय." त्या दिवसापासून पेठेत तिचं नाव आयर्लंड पडलं. ती गल्लीत शिरली की पोरं म्हणायची, आयर्लंड आलं रे, नीट बसा.

केरबाच्या घरी ती गेली तेव्हा तो उंबऱ्यावर बसून चपलेला तेल लावत होता. मैथिलीने उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. तू दोन तुकडे नाहीस, तू एक व्यक्ती आहेस, तुझा निर्णय तुझा आहे. बोलताना तिचा आवाज भरून आला आणि तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. केरबाने तिला बसायला पाट सरकवला.

"ताई, तालमीचं मला काय न्हाई," तो म्हणाला. "दोन्ही तालमी चांगल्या. मला फकस्त एकदा दोन्ही पायांत बुटं घालून पळायचंय. चप्पल घालून पळताना एक पाय सारखा म्हागं बघतो."

"म्हणजे तुला निवडीचं स्वातंत्र्य हवं आहे," मैथिली म्हणाली.

"बुटं," केरबा म्हणाला.

मैथिलीने ते स्वातंत्र्य असंच ऐकलं.

तिचा बेत सोपा होता. तिकडच्या नियमांत खेळाडूला काही अटींवर एकदा देश बदलता येतो. तसंच उजव्या पायाने एकदा तालीम बदलावी, वाघजाईकडे यावं, म्हणजे दोन्ही पाय एका ठिकाणी येतील, दोन्ही बूट चढतील आणि राज्य संघाचा दरवाजा उघडेल. हे ऐकून आतून मालन बाहेर आली. हाताला पीठ तसंच होतं.

"पोरी, तू शिकलेली हाईस, मी आपली अडाणी," ती म्हणाली. "पण मी सांगतो तुला. उजवा पाय वाघजाईकडं गेला की माझं माहेर तुटलं. माझा भाऊ भाऊबीजेला येतो तो ह्या पायाखातर येतो. आल्यावर आधी त्याच्या गुडघ्याला हात लावून बघतो, मग माझ्याकडं बघतो."

मग डावा पाय नागझरीकडे नेऊ, मैथिलीने सुचवलं.

"मग सासर तुटलं," मालन म्हणाली. "घे, भाकरी खा."

मैथिलीने भाकरी खाल्ली आणि समितीकडे सुनावणी मागितली.

सुनावणी मैदानाशेजारच्या समितीच्या खोलीत झाली. टेबलामागे दत्ताजीराव आणि समितीची माणसं, भिंतीला लागून दोन्ही तालमींचे वस्ताद, मध्ये खुर्चीवर केरबा, अनवाणी. मैथिलीने बेलफास्टहून आणलेला कोट घातला होता. कोल्हापूरच्या मे महिन्यात तो कोट बघूनच समोरच्यांना घाम फुटला. ती तत्त्वतः या शब्दाने सुरू झाली आणि बराच वेळ त्याच शब्दावर परत परत येत राहिली. माणूस अखंड आहे. ओळख ही जन्माने मिळते, पण निवडीने पुरी होते. आयर्लंडमध्ये हे सगळं रक्त सांडून शिकावं लागलं, आपल्याला ते फुकट शिकता येईल.

दत्ताजीराव लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी मध्येच विचारलं की त्या दोन संघांचे रंग कोणते. मैथिलीने सांगितलं, दोन्हींचा हिरवा. दत्ताजीरावांनी समितीकडे पाहिलं. समितीने दत्ताजीरावांकडे पाहिलं. रंग एकच असून भांडायचं म्हणजे माणसं हौशी असली पाहिजेत, असं एक सभासद आदराने म्हणाला.

मग दत्ताजीराव मुद्द्यावर आले. तालीम बदलायला समितीची हरकत नव्हती. तसा नियम नव्हता, पण नियम चांगला होता. मात्र बदलणारा पाय आहे, तेव्हा संमती पायाची लागेल. केरबाने हो म्हणून भागणार नाही. केरबा कोणत्याच तालमीचा सभासद नाही, सभासद पाय आहेत.

"पण ते त्याचेच पाय आहेत," मैथिली म्हणाली.

"ते झालं घरचं नातं," दत्ताजीराव म्हणाले. "माझा मुलगाबी माझाच हाय. मत त्याचं त्यो देतो."

उजव्या पायाची साक्ष आधी घ्यायचं ठरलं. डाव्याने ती ऐकू नये म्हणून त्याला बाहेर बसवावं, असं नागझरीच्या वस्तादांचं म्हणणं पडलं. तसं करण्यात अडचण आहे हे समितीने मान्य केलं आणि डाव्या पायावर घोंगडी टाकली. दत्ताजीराव खुर्चीवरून उठले, गुडघ्यावर बसले आणि घसा साफ केला. केरबाला ते अरेतुरे करायचे. पायाला मात्र अहोजाहो केलं, कारण पाय नोंदलेले खेळाडू होते.

"बरं आहात ना?" त्यांनी विचारलं. "हो म्हणायचं असंल तर अंगठा उचला. न्हाई म्हणायचं असंल तर टाच आपटा. कुणाची भीती बाळगू नका."

अंगठा उचलला गेला.

"वाघजाई तालमीत यायची आपली इच्छा हाय का?"

उजवा पाय बराच वेळ तसाच राहिला. एकदा त्याने बोटं आखडली आणि परत सोडली. मैथिली इतकी पुढे वाकली होती की तिचा कोट पायाला लागला आणि साक्षीदारावर दबाव नको म्हणून तिला मागे सरायला सांगण्यात आलं. मग पायाने टाच आपटली. एकदाच, पण फरशीला ऐकू जाईल अशी. दाराशी उभ्या असलेल्या मालनने पदराने डोळे पुसले.

घोंगडी उजव्यावर टाकून डाव्याला विचारलं. त्याने विचार करायलाही वेळ घेतला नाही, प्रश्न पुरा व्हायच्या आत टाच आपटली. वाघजाईचे वस्ताद खूश झाले. प्रश्न पुरा न ऐकता दिलेलं उत्तर धरावं का यावर थोडी चर्चा झाली. मग त्याला प्रश्न पुन्हा विचारला. त्याने टाच पुन्हा आपटली.

"आणि केरबाला काय हवंय?" मैथिली म्हणाली. तिला हे हळू म्हणायचं होतं, पण ते बरंच मोठ्याने निघालं.

सगळ्यांनी केरबाकडे पाहिलं. तो खुर्चीत असल्याचं तोवर कुणाच्या ध्यानात नव्हतं. केरबाने आईकडे पाहिलं, दोन्ही वस्तादांकडे पाहिलं आणि खाली पायांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "त्यांचं बरोबर हाय."

समितीने निकाल दिला. दोन्ही पायांनी आपापली तालीम सोडायला नकार दिला आहे. दोन्ही तालमी अंतिम सामन्यात आहेत. तेव्हा डावा पाय वाघजाईकडून खेळेल, उजवा नागझरीकडून. त्या दिवशी कोणताही पाय प्रेक्षक नसल्यामुळे चप्पल घालता येणार नाही. दोन्ही पायांत बूट घालावेत.

मैथिली खाली मान घालून बाहेर पडली. एका माणसाच्या चिरफाडीवर शिक्का बसला होता आणि तिला तो रोखता आला नव्हता. ती पायरीवर बसून या पराभवावर इंग्रजीत एक लेख मनातल्या मनात लिहू लागली. पहिलं वाक्य फार सुंदर जमलं होतं. केरबा तिच्या समोरूनच गेला. त्याचा चेहरा बारशाच्या पेढ्यासारखा झाला होता, पण मैथिली तेव्हा दुसऱ्या वाक्यात होती.

अंतिम सामन्याला सगळं शहर आलं. पश्चिमेच्या बाजूला वाघजाईवाले, पूर्वेला नागझरीवाले. मैथिलीचे पाय कोणत्याच निशाणाला लागलेले नव्हते, कारण मुलींचे लावत नाहीत, त्यामुळे तिला बसायला जागा मिळाली नाही. ती मैदानाच्या लांब कडेला, मधल्या रेषेपाशी उभी राहिली. शेजारी मालन उभी होती. तिच्याकडे दोन्ही बाजूंच्या जागा होत्या आणि तिने दोन्ही घेतल्या नव्हत्या. पदराखाली फडक्यात बांधलेली भाकरी होती.

खेळाडू उतरले. केरबा दोन्ही संघांत असल्यामुळे मैदानात माणसं एकवीसच होती. त्याच्या डाव्या पायात वाघजाईचा भगवा मोजा, उजव्यात नागझरीचा निळा, आणि धड कुणाचंच नसल्यामुळे अंगात पांढरा बनियन. दोन्ही पायांत बूट होते. नाणेफेकीच्या आधी त्याने जागच्या जागी दोन उड्या मारल्या आणि खाली बघून हसला.

सुरुवातीचा खेळ साधाच झाला. केरबाच्या डाव्या पायाकडे चेंडू आला की उजवा तो हिसकावायचा, उजव्याकडे आला की डावा. दोघेही आपलं काम चोख करत होते. डाव्याने एकदा उजव्याला पाडलं तेव्हा केरबा तोंडावर आपटला आणि नागझरीला फ्री किक मिळाली. ती उजव्या पायानेच मारली आणि भिंतीत उभं राहायला डावा पाय पोचला नाही म्हणून वाघजाईने हरकत घेतली. पंचांनी ती नोंदवून घेतली. गोल कुणाचा झाला नाही.

सामना संपायला आला तेव्हा मैदानाच्या बरोबर मध्यावर चेंडू केरबाला मिळाला. आजूबाजूला कुणी नव्हतं. डाव्या पायाने तो पूर्वेच्या गोलाकडे ओढला. उजव्याने पश्चिमेकडे ओढला. डाव्याने पुन्हा, उजव्याने पुन्हा. दोघांचा जोर अगदी सारखा होता, एकाच घरातलं दूध पिऊन वाढलेले. त्यामुळे चेंडू पूर्वेलाही गेला नाही आणि पश्चिमेलाही नाही. तो दोघांच्या मधून सरळ पुढे निघाला, मैदान आडवं कापत, लांब कडेच्या दिशेने, आणि त्याच्यामागे केरबा.

असा पळताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. दोन्ही पाय चेंडूसाठी भांडत होते, आणि दोघांच्या भांडणावर तो वाऱ्यासारखा येत होता. वाघजाईच्या माणसाने अडवावं तर डावा पाय आपला, नागझरीच्याने अडवावं तर उजवा आपला. सगळे वाट सोडून उभे राहिले. तो मैथिलीच्या आणि मालनच्या मधून रेषा ओलांडून गेला. गर्दीने रस्ता दिला. तो फाटकातून बाहेर पडला, चेंडू पायांतच, आणि रंकाळ्याच्या रस्त्याला लागला.

पंचांनी शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली नाही. चेंडू रेषेबाहेर गेला होता, तेव्हा थ्रो द्यायला हवा होता. कुणाला द्यायचा, हे चेंडूला शेवटी कुणाचा पाय लागला यावर ठरणार. शेवटी दोन्ही लागले होते, एकाच वेळी. थ्रो ठरेपर्यंत खेळ सुरू करता येत नव्हता आणि खेळ सुरू झाल्याशिवाय सामना संपवता येत नव्हता. त्यांनी घड्याळ थांबवलं.

दत्ताजीराव मैदान ओलांडून मैथिलीपाशी आले. मागोमाग दोन्ही वस्ताद आले. आयर्लंडमध्ये अशा वेळी काय करतात, त्यांनी विचारलं, आणि या वेळी कुणी हसलं नाही. दोन्ही बाजूंचं शहर तिच्याकडे बघत होतं. ज्या क्षणासाठी तिने बेलफास्टची नोकरी नाकारली होती तो हाच. मैथिलीने कोटाचं बटण लावलं.

"तत्त्वतः," ती म्हणाली. ती फाटकाकडे बघत राहिली. मग तिने कोट काढून हातावर टाकला. "दोघांचे लागले," ती म्हणाली. "मी बघितलं."

दत्ताजीरावांनी मान डोलावली. मग सुनावणी घ्यावी लागेल, ते म्हणाले, आणि ती मैथिलीच्या समोर व्हावी हे समितीला तिथल्या तिथे मंजूर झालं. खेळाडूंना आपापल्या जागा न सोडता खाली बसायची परवानगी मिळाली. निवडकर्त्यांना कळवण्यात आलं की सामना अजून संपलेला नाही. त्यांनी उत्तर दिलं की मग त्यांचीही मुदत संपलेली नाही.

सुनावणी अजून चालू आहे. खेळाडू पाळीपाळीने बसतात, पावसाळ्यात त्यांना छत्र्या देतात. साक्ष द्यायला पाय हजर राहत नसल्यामुळे तारखा पुढे जातात. मैथिली रोज संध्याकाळी मैदानाच्या लांब कडेला खुर्ची टाकून बसते. शेजारी मालन असते. तिचा भाऊ यंदाही भाऊबीजेला आला आणि ओवाळून घेऊन तिथेच रेषेपाशी थांबला.

दिवस कलला की रंकाळ्याच्या बाजूने केरबा येतो. दोन्ही पायांत बूट, मध्ये चेंडू, बनियन घामाने चिंब. फाटकाबाहेरच्या रस्त्याने तो मैदानाला वळसा घालतो. मालन पुढे होऊन त्याच्या हातात भाकरी देते आणि चटणी वेगळी बांधली आहे, सांडू नको, असं सांगते. तो थांबत नाही, पण तिच्यापाशी आला की जरा हळू होतो.

"ताई, काय ठरलं?" तो पळता पळता विचारतो.

"चालू आहे अजून," मैथिली म्हणते.

"असू दे," केरबा म्हणतो. "सावकाश होऊ दे."